तिसरा मजला, लिफ्ट नाही, खिडकीत आंबा: वसईच्या भाड्याच्या घराचा इतिहास

या वेळचा एपिसोड जरा घरचा आहे. दर वेळी आपण कुठला तरी किल्ला, कुठली तरी लढाई, कुठला तरी तह घेऊन बसतो. आज माझा भाडेकरार घेऊन बसलोय. ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं अशांसाठी हा नेहमीप्रमाणे लेखी मजकूर. बोलताना जे अडखळलो ते इथे सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी मी वसई पश्चिमेला घर शोधत होतो. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर, लग्न झालेलं नाही, आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, तेही अंधेरीला. एजंटने पाच घरं दाखवली. तीन ठिकाणी ‘बॅचलरला देत नाही’ असं दारातच कळलं. चौथं स्टेशनला इतकं चिकटून होतं की लोकलचा भोंगा स्वयंपाकघरात ऐकू येत होता. पाचवं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत चाळीस वर्षांच्या आसपासची, लिफ्ट नाही. मी दमून वर पोचलो, हॉलची खिडकी उघडली, आणि समोर आंबा. हात बाहेर काढला तर पान हाताला लागेल इतका जवळ. खाली विहीर, तिच्यावर लोखंडी जाळी, बाजूला दोन नारळ, कंपाउंडच्या पलीकडे केळी. मी तिथेच हो म्हटलं. भाडं साडेबारा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं.

टोकन देताना घरमालक काकांना सहज विचारलं, “काका, हा आंबा सोसायटीने लावला का?” काका हसले. म्हणाले, “अरे, सोसायटीच आंब्याच्या जागेत आली. ही आमची वाडी होती.”

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. मी महिन्याला जे पैसे देतो, ते नक्की कशाचे? चार भिंतींचे तर आहेतच. पण याच पैशांत याहून मोठं, लिफ्टवालं घर मला पूर्वेला मिळत होतं. ते सोडून मी इथे आलो तो झाडांसाठी. मग ही झाडं कुणी ठेवली? आणि ज्यांनी ठेवली, त्यांना माझ्या भाड्यातलं काय मिळतं?

मुंबई बेट भाड्याने होतं तेव्हाची गोष्ट

सुरुवात थोडी लांबून करतो, कारण ही गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. तिच्यासोबत आजूबाजूची बेटंही गेली, त्यात मुंबईची. पोर्तुगिजांना सगळी जमीन स्वतः कसणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? जमिनी आपल्या सरदारांना आणि मर्जीतल्या माणसांना लावून दिल्या. बऱ्याच जमिनी तीन पिढ्यांच्या मुदतीने जायच्या. वर्षाला ठरलेली रक्कम सरकारात भरायची, तिला त्यांच्या भाषेत ‘फोरो’ म्हणत. मुंबईच्या फोरास रोडचं नाव याच शब्दाशी जोडलं जातं.

अशाच एका भाडेकरूचं नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. सोळाव्या शतकाच्या मध्यात मुंबईचं बेट त्याच्याकडे लावून दिलेलं होतं. अख्खं बेट! आणि या सगळ्या उत्तरेकडच्या मुलखाच्या कारभाराचं ठाणं होतं वसई. आज वसईकर मुंबईला नोकरीसाठी धावतो. तेव्हा मुंबईचा भाडेकरू वसईच्या कारभाराखाली होता.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. हा सगळा भाड्याचा हिशेब चालायचा कशाच्या जोरावर? जमिनीतून काहीतरी पिकत होतं म्हणून. भात, नारळ, ऊस, केळी, ताडी. गढीत राहणारा साहेब बदलत गेला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. खाली वाडीत रहाट चालवणारा माणूस मात्र तोच राहिला.

वाडी म्हणजे काय, आणि बावखल म्हणजे काय

बाहेरून आलेल्याला वाटतं की वसईची हिरवाई म्हणजे जंगल. मलाही वाटायचं. ते जंगल नाही. ती माणसांनी शेकडो वर्षं राखलेली बागायत आहे.

स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राकडे जा. गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी. या पट्ट्यात वाडवळ आहेत, सामवेदी ब्राह्मण आहेत, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी आहेत, भंडारी आहेत, किनाऱ्याला कोळी. धर्म वेगळे, बोली वेगळ्या, पण वाडीची मांडणी बरीचशी सारखी. घर, घरामागे विहीर, विहिरीवर रहाट, मग पाट, पाटाच्या दोन्ही अंगांना केळी, मधे पानवेली, फुलझाडं, भाजी, आणि कडेला नारळ-आंबा. इथली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. ज्याने खाल्ली नसतील त्याने एकदा खावीत.

आणि बावखल. हा शब्द मला इथे येईपर्यंत माहीत नव्हता. बावखल म्हणजे वाडीत माणसांनी खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि शेजारच्या विहिरींना मिळतं.

आता इथे माझ्यातला इंजिनीअर जागा होतो, थोडं सहन करा. समुद्राकाठच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं. गोडं पाणी त्यापेक्षा हलकं, त्यामुळे मुरलेल्या पावसाचा एक गोडा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. या थराची जाडी दर पावसाळ्यात मुरणाऱ्या पाण्यावर आणि वर्षभरात उपसलेल्या पाण्यावर ठरते. रहाटाने उपसा बेताचा होतो. मोठा पंप लावून टँकर भरायला लागलात की वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा विहीर खारी झाली की केळ जात नाही असं नाही, पण बाग जाते. म्हणजे रहाट आणि बावखल मिळून एक व्यवस्था होती: एकाने भरायचं, दुसऱ्याने जपून काढायचं. तिला कुणी ‘वॉटर मॅनेजमेंट’ म्हटलं नाही, इतकंच.

बावखल बुजवलं की दोन गोष्टी होतात. उन्हाळ्यात विहीर आटते, आणि पावसाळ्यात जे पाणी तिथे थांबायचं ते रस्त्यावर येतं. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, मिठागरात राहणारी कुटुंबं अडकून पडली, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याला कारणं बरीच आहेत, पण पाण्याच्या हक्काच्या जागा गेल्या हे त्यातलं एक मोठं.

मुंबईने भाड्याची घरं बांधणं का थांबवलं

आता एपिसोडचा मधला भाग. वाडीत इमारत आली कशी?

रेल्वे तर फार आधी आली. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी बीबीसीआयची लाइन मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि वसई तिच्यावर आली. त्या गाड्यांनी वसईची भाजी, केळी, फुलं, दूध मुंबईला नेलं. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत धावू लागली. म्हणजे रोज जा-ये करण्याची सोय स्वातंत्र्याच्या आधीच झाली होती. तरी पुढची चार दशकं वसई गावच राहिली. मग १९८० च्या दशकात अचानक काय झालं?

याचं उत्तर वसईत नाही, मुंबईत आहे. आणि ते थेट भाड्याशी जोडलेलं आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये भाडं रोखणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच कथा, आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात ‘प्रमाण भाडं’ ठरवताना १ सप्टेंबर १९४० ची तारीख धरली. हेतू चांगला होता. युद्ध, फाळणी, बाहेरून येणारी माणसं, आणि मालकाने उद्या घराबाहेर काढलं तर जायचं कुठे? लाखो गिरणी कामगार आणि कारकुनांच्या डोक्यावर छप्पर राहिलं ते या कायद्यामुळे.

पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा पन्नास वर्षं राहिला. भाडं गोठलं, सिमेंट-सळई गोठली नाही. मालकाने दुरुस्ती सोडली. नवीन भाड्याच्या चाळी बांधायला कुणी तयार होईना. खोली हातची सोडायची तर पागडी, घ्यायची तर पागडी. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा, यांच्या आधाराने मुंबईने मालकीच्या फ्लॅटचा रस्ता धरला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की इतकी वर्षं भाडं तिथल्या तिथे गोठवून ठेवणं आता समर्थनीय नाही. तोपर्यंत दोन पिढ्या निघून गेल्या होत्या.

मग मुंबईत ज्याला मालकीचा फ्लॅट परवडत नाही आणि भाड्याची खोली मिळत नाही, त्याने काय करायचं? गाडीत बसायचं आणि उत्तरेला जायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातून लोक बाहेर पडायला लागले. खोली वाढत्या कुटुंबाला पुरेना, भाऊ वेगळे झाले, खोली विकून दोघांनी दोन ठिकाणी ‘वन रूम किचन’ घेतलं. नालासोपाऱ्यात, विरारात, वसईत. माझ्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या आजी लालबागहून आल्या आहेत. त्या म्हणतात, “इथं आले तेव्हा संध्याकाळी कोल्हे ऐकू यायचे. मी महिनाभर रडत होते.” आता कुठेही जायला तयार नाहीत.

तळ अधिक तीन

त्या काळातल्या वसईच्या इमारती बघा. जवळजवळ सगळ्या तळ अधिक तीन नाहीतर तळ अधिक चार, आणि लिफ्ट नाही. याची कारणं साधी आहेत. बांधकामाच्या नियमांत ठरावीक उंचीच्या पुढे लिफ्ट सक्तीची होते, त्याच्या आत थांबलं तर तो खर्च वाचतो. जमिनीवर बांधायला मिळणारं क्षेत्र मर्यादित होतं, त्यामुळे फार उंच जाऊन उपयोगही नव्हता. लिफ्ट नाही म्हणजे लिफ्टची देखभाल नाही, मेंटेनन्स कमी. गिरणीतून निघालेल्या माणसाला तेच परवडणारं होतं.

याची किंमत पाय देतात. माझं फ्रिज वर चढवताना टेम्पोवाल्याने मजल्यामागे वेगळे पैसे घेतले आणि जिन्याच्या वळणावर कठड्याला एक खूण करून ठेवली, ती अजून आहे. सिलिंडरवाला तिसऱ्या मजल्याचे वीस-तीस रुपये जास्त घेतो, आणि मला ते देताना कधी वाईट वाटलं नाही. पण जिन्याचा एक फायदाही आहे. लिफ्टमध्ये माणसं मोबाइल बघतात. जिन्यात दम खायला थांबतात. पहिल्या मजल्यावरच्या आजींची आणि माझी ओळख अशीच झाली.

आणि बुटकी इमारत झाडाच्या उंचीत बसते. आंबा तीन मजले गाठतो, बाराव्या मजल्यापर्यंत नाही पोचत.

झाडं कुणी ठेवली

१९८० चं दशक संपता संपता सरकारने वसईच्या हरित पट्ट्यातली बरीच मोठी जमीन बांधकामासाठी मोकळी केली. १९९० मध्ये सिडकोला या भागाचं नियोजन प्राधिकरण नेमलं. जमिनीचे भाव चढले, दलाल गावागावांत फिरू लागले. जमिनीच्या व्यवहारांभोवती त्या काळात किती दहशत होती, हे इथल्या कुणाही साठीच्या माणसाला विचारा. आवाज खाली करूनच सांगेल.

त्याच काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हे तेच, जे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्यासोबत शेतकरी होते, बायका होत्या, सगळ्या धर्मांचे लोक होते. मागणी काय होती? वाड्या वाचवा, विहिरींतून टँकरने होणारा बेसुमार उपसा थांबवा, विकास करा पण पाणी कुठून आणणार ते आधी सांगा. मोर्चे निघाले, मारहाणी झाल्या, केसेस झाल्या.

पुढचा टप्पा २००९ चा. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. गावांनी जोरदार विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की महापालिका आली म्हणजे टॉवर आले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत हाच मुद्दा घेऊन विवेक पंडित वसईतून अपक्ष निवडून आले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, ते प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथे राहिलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली होती. आज ती किती असेल याचा अंदाज संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये एकदा उभं राहून करा.

मला या लढ्याबद्दल वाचताना अवघडल्यासारखं झालं. कारण सरळ आहे. मी ज्या इमारतीत राहतो, ती अशाच एका वाडीत उभी आहे. त्या लोकांनी ज्याला विरोध केला, तो मी आहे. आणि मी ज्या हिरवाईचे पैसे देतो, ती त्यांच्यामुळे आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

काकांना हे बोललो. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मोर्चात मी पण होतो. आणि वाडी दिली ती पण मीच. चार भाऊ, एक विहीर, ती पण खारी व्हायला लागली. मुलीचं लग्न होतं. बिल्डर म्हणाला, तीन फ्लॅट देतो. काय करणार?” त्या तीन फ्लॅटपैकी एकात ते राहतात, एक मुलाचा, आणि एकात मी. म्हणजे माझं भाडं हे त्यांच्या केळीचं उत्पन्न आहे, फक्त वेगळ्या रूपात. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं.

अकरा महिने म्हणजे नक्की काय

आता थोडं कामाचं, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

आपण म्हणतो ‘मी भाड्याने राहतो’. कायद्याच्या भाषेत आपल्यातले बहुतेक जण भाडेकरू नसतोच. आपण परवानाधारक असतो. करार असतो ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. मालक तुम्हाला घर वापरायची परवानगी देतो, घरात तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही.

हे असं का झालं, त्यालाही इतिहास आहे. भाडे नियंत्रणाच्या भीतीने मालक लोक ‘भाडं’ हा शब्दच टाळून परवाना देऊ लागले. मग १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. परिणाम उलटा झाला. मालक घाबरले, घरं कुलूप लावून ठेवू लागले. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ ने मालकाला खात्री दिली की मुदत संपली की घर परत मिळेल, नाही मिळालं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा, आणि तोवर दुप्पट रक्कम वसूल करा. आज आपल्याला जी घरं मिळतात ती या कलमामुळे. आणि दर अकरा महिन्यांनी आपल्या पोटात गोळा येतो तोही याच कलमामुळे.

अकरा महिने का? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून वर्षाच्या आत थांबायची सवय पडली. पण महाराष्ट्रात या सवयीचा काही उपयोग नाही. कलम ५५ प्रमाणे इथे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.

आमच्या एजंटने मला सांगितलं होतं, “नोटरी करून टाकू, इथं सगळे तेच करतात.” मी हट्ट धरला. खर्च किती आला? मुद्रांक शुल्क पाव टक्का. अकरा महिन्यांचं भाडं १,३७,५००, त्यात डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, त्याचा पाव टक्का म्हणजे साडेतीनशे-चारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरबसल्या अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस येतो. वर्षाला दीड-दोन हजारांसाठी लोक स्वतःला उघड्यावर टाकतात, हे मला कधी कळलं नाही.

अजून एक. सोसायटी तुमच्या मालकाकडून ‘नॉन-ऑक्युपन्सी’ आकार घेते. २००१ पासून तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कुणी भाडेकरूच्या नावाने हजारो मागत असेल तर मालकाला हे जरूर सांगा.

भाडेकरूने बघायचा कागद

हा भाग मी रेकॉर्ड करताना दोनदा थांबलो होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत मध्यरात्री कोसळली. १७ माणसं गेली. इमारत चाळीस वर्षांची नव्हती, जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. बेकायदा बांधलेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. सार्वजनिक कामासाठी राखीव असलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. त्यात पैसे भरून घर घेतलेले होते, आणि भाड्याने राहणारेही होते.

घर विकत घेणारा निदान कागद बघतो, बँक बघते. भाड्याने घेणारा काय बघतो? नळाला पाणी किती वेळ येतं, वाय-फाय कुठलं चालतं, स्टेशन किती मिनिटं. मीसुद्धा तेच बघितलं होतं. छत कुणावर पडायचं ते करारपत्र विचारून पडत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारा. एक, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी आहे का. दोन, परवानगी कुणाची आहे. वसईत हे काळावर ठरतं: १९९० च्या आधीच्या इमारतीला एक प्रकारचे कागद, त्यानंतर महापालिकेकडे काम जाईपर्यंत सिडकोचे, आणि अलीकडच्या इमारतीला महापालिकेचे. इमारत ज्या काळातली, कागद त्या काळातलाच हवा. तीन, इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का. विचारायला लाज वाटते, मला माहीत आहे. “भाड्याने राहणार आणि ऑडिट मागतोय” असं ऐकूनही घ्यावं लागतं. मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी हेच ऐकवलं. पण आठवड्याने रिपोर्टची झेरॉक्स दिली.

आंब्याचं काय होणार

त्या रिपोर्टमुळे मला कळलं की आमच्या इमारतीचा पुनर्विकास चर्चेत आहे. दोन बिल्डर येऊन गेले. लिफ्ट, पार्किंग, मोठा हॉल. काकांना गुडघ्याचा त्रास आहे, तीन मजले चढून काकू मागच्या वर्षी दोनदा धापा टाकत बसल्या होत्या. त्यांना लिफ्ट हवी आहे, आणि ती मागणं अगदी रास्त आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींना इमारतीतून हलायचंच नाही. मला आंबा हवा आहे. पण माझं मत मोजलं जाणार नाही, कारण मी परवानाधारक आहे.

मागच्या महिन्यात करार संपत होता. काकांनी विचारलं, “राहतोस का? पुढं-मागं पाडायला काढली तर दोन महिने आधी सांगेन.” मी म्हटलं, राहतो. भाडं सातशेने वाढवलं त्यांनी. मी एक गोष्ट मागितली. सोसायटीच्या सभेत त्यांनी दोन मुद्दे मांडावेत: नवीन नकाशात विहीर बुजवायची नाही, आणि गच्चीचं पावसाचं पाणी गटारात न सोडता विहिरीत सोडायचं. सूर्या धरणाच्या ४०३ एमएलडीच्या योजनेतून वसई-विरारला १८५ एमएलडीचा वाटा ठरलाय, हे चांगलंच आहे. पण धरण लांबलचक पाइपच्या पलीकडे आहे आणि विहीर खिडकीखाली.

काका म्हणाले, “ही विहीर माझ्या आजोबांनी खणलेली. तू नसतं सांगितलंस तरी मी बोललो असतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण बरं झालं सांगितलंस. एकट्याने बोललं की म्हातारा बडबडतोय म्हणतात.”

सभा अजून व्हायची आहे. काय ठरलं ते कळवेनच.

तोवर तुम्हाला एक काम. तुम्ही राहता ती इमारत उभी राहायच्या आधी त्या जागेवर काय होतं, हे शोधा. वाडी, मिठागर, शेत, गिरणी, तळं, काहीही असेल. मालकांना विचारा, शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, जुना सातबारा मिळाला तर उत्तमच. जे सापडेल ते खाली लिहा. चांगल्या दहा-बारा गोष्टी जमल्या तर त्यांचाच एक एपिसोड करू.

भेटू पंधरा दिवसांनी. काळजी घ्या, आणि जिना चढताना कुणी थांबलेलं दिसलं तर दोन मिनिटं बोला.